कोणत्या चुकीची दखल घ्यायची?

नारायण पेठेतला गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली विकत घेतला. तोच आजचा केसरीवाडा. त्या काळी, आणि नंतरही कित्येक वर्षे, छपाई म्हणजे शिशाचे खिळे हाताने जुळवणे. देवनागरीसाठी शेकडो खिळे लागत. घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत व्हायचीच. मुद्रितशोधक चुका टिपून ठेवी. आता प्रश्न असा, की यांपैकी कोणत्या चुकीसाठी व्यवस्थापकाने जुळाऱ्याला बोलावून घ्यायचे?

पहिली कसोटी परिणामाची. लग्नपत्रिकेत एखादी वेलांटी चुकली तर चालून जाते. मुहूर्ताची वेळ चुकली तर सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागतात. एवढे कोणालाही सुचते. दुसरी कसोटी मात्र सहज सुचत नाही आणि अन्याय होतो तो तिथेच.

समजा, एका छापखान्यात सोळा पानांच्या फर्म्यात सरासरी ९ चुका सापडतात. या आठवड्यात एकाच्या फर्म्यात १३ निघाल्या, दुसऱ्याच्या ५. पहिल्याला बोलणी, दुसऱ्याला शाबासकी! पुढच्या आठवड्यात पहिल्याच्या ८ निघतात, दुसऱ्याच्या ११. व्यवस्थापकाची खात्री पटते, की माणूस रागावल्याने सुधारतो आणि कौतुकाने शेफारतो. प्रत्यक्षात दोघांच्याही कामात काहीच बदललेले नसते. आकडे सरासरीच्या आजूबाजूला आपोआप वरखाली होत असतात. खूप वर गेलेला आकडा पुढच्या वेळी बहुधा खाली येतोच. (प्रयोगशाळेत आम्हीही असा न्याय केला आहे आणि तो 'लागू पडला' म्हणून खूशही झालो आहोत.)

मग ही नेहमीची वरखाल कुठे संपते? टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये यासाठी नियंत्रण-आलेख सुचवला. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. चुका तुरळक आणि एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर रीत सोपी आहे. सरासरीचे वर्गमूळ काढून त्याची तिप्पट करा. ती सरासरीत मिळवा आणि सरासरीतून वजा करा. ९ चे वर्गमूळ ३, त्याची तिप्पट ९. म्हणजे सीमा ० आणि १८. आपले १३ आणि ५ दोन्ही आतच आहेत! २१ निघाल्या तर मात्र उठून पाहावे: जुळारी नवखा आहे का? त्याला चष्मा लागला आहे का? की खिळे परत लावताना ध च्या खणात घ पडले?

तिप्पटच का? सीमा जवळ आणली तर नसलेली कारणे शोधण्यात वेळ जातो. लांब नेली तर खरी कारणे निसटतात. हा हिशेब खर्चाचा आहे.

आणि सरासरी ९ हीच जास्त वाटत असेल तर? मग ती एकट्या जुळाऱ्याची उणीव नव्हे. झिजलेले खिळे, अंधारी खोली, न लागणारे हस्ताक्षर यांतले काहीही बदलणे त्याच्या हातात नाही. ते काम व्यवस्थापकाचे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग डेमिंग या संख्याशास्त्रज्ञाचा. डब्यात एकाच आकाराचे ४०० पांढरे आणि १०० लाल मणी मिसळा. प्रत्येकाने न पाहता ५० मणी काढायचे, लाल मणी मोजायचे आणि सगळे डब्यात परत टाकायचे. लाल मणी म्हणजे चूक. सरासरी १० च्या आसपास येईल. कोणाचे ६ येतील, कोणाचे १४. सर्वांत कमी लाल मणी काढणाऱ्यासाठी टाळ्या वाजवा आणि त्याला पुन्हा काढायला सांगा.