जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? थांबा! एक पार्ट बदलला तर मुलांच्या अभ्यासाला कामी येईल

मुंबई (लालबाग) : लालबाग-परळच्या चाळीतली खोली म्हणजे जेमतेम दहा बाय बाराची. माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे जुना कॉम्प्युटर कुठे ठेवणार? मग तो गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमान्यांबरोबर गावी येतो. चार महिने चालतो, ‘लय स्लो झालाय’ म्हणून माळ्यावर जातो आणि शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो.

खरं तर असे बरेच कॉम्प्युटर बिघडलेले नसतात, फक्त थकलेले असतात. घरच्या घरी थोडी खटपट करून त्यांना पुन्हा कामाला लावता येतं. हा छंद मुंबईतल्या छोट्या खोलीत जसा जमतो, तसाच गावच्या पडवीतही जमतो.

स्लो का होतो?

जुन्या कॉम्प्युटरमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. आतली चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडा त्यावरची माहिती शोधतो. तलाठ्याच्या दप्तरात एकेक गठ्ठा सोडून सातबारा शोधावा, तसं हे काम. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे माहिती लगेच हाती येते. म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तेच मशीन कितीतरी पटीने चपळ होतं. बहुतेक जुन्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये अडीच इंची ‘साटा’ एसएसडी बसते.

दुसरी गोष्ट रॅम. ती निदान ४ जीबी असावी, ८ असेल तर उत्तम. घेताना जुनी पट्टी सोबत न्यावी, कारण डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही, दोन्हींची खाच वेगळी असते. लॅपटॉपची पट्टीही आखूड असते.

साध्या युक्त्या

कॉम्प्युटर चालू होतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही? वायर काढून, रॅमची पट्टी बाहेर घेऊन तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसावेत आणि पुन्हा घट्ट बसवावी. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

दरवेळी तारीख-वेळ चुकते? मग मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. मशीन फार तापत असेल तर पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढावी.

पार्ट कुठे मिळतात?

लालबागकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर पार्टचा जुना बाजार. मुंबईत कोणी नातेवाईक असेल तर मशीनचा मॉडेल नंबर आणि जुन्या पार्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की भागतं. मात्र पक्कं बिल आणि वॉरंटी मागून घ्यावी. स्वस्तात मिळतंय म्हणून बिनबिलाची एसएसडी घेतली आणि बंद पडली, तर दाद मागायला कागद हाती राहत नाही.

विंडोज १० बंद, आता काय?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटी साधारण २०१७ च्या आधीची मशीन पूर्ण करू शकत नाहीत. पण त्यासाठी नवा लॅपटॉपच घ्यायला हवा असं नाही.

लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम आहे. त्यातली ‘लिनक्स मिंट’ नवशिक्यांना सोपी जाते. तिला २ जीबी रॅम चालते, ४ असेल तर बरं. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस लिनक्स’ मराठीतही वापरता येते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घेऊन आधी नुसती चालवून बघता येते, तोवर डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. इन्स्टॉल करण्याआधी मात्र फोटो आणि कागदपत्रांची कॉपी दुसरीकडे ठेवावीच.

घरात उपयोग काय?

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर डोळे ताणण्यापेक्षा ती मोठ्या पडद्यावर वाचणं सोपं जातं. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना घरी रोज तासभर सराव करता येतो. फक्त क्लासमध्ये शिकवतात तोच कीबोर्ड लेआउट घरी निवडावा.

लॅपटॉपचा स्क्रीन फुटला असेल तरी तो टाकू नये. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडला, साधा कीबोर्ड-माउस लावला की झाला घरचा कॉम्प्युटर. जागा कमी असेल तर तो प्लायच्या फळीवर टीव्हीमागे बसवता येतो, फक्त हवा खेळती राहिली पाहिजे. काढलेली जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घातली की लग्नाचे, बारशाचे फोटो साठवता येतात. पण एकाच डिस्कवर भरवसा ठेवू नये.

मखराच्या लायटिंगला एसएमपीएस

लालबाग म्हटलं की गणपती आणि देखावे. कॉम्प्युटर पूर्ण निकामी झाला, तरी त्याचा एसएमपीएस घरच्या मखराच्या एलईडी पट्टीला वीज देऊ शकतो. साधारणपणे पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि काळी निगेटिव्ह असते. हिरवी तार काळीला जोडली की एसएमपीएस चालू होतो. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये रंग वेगळे असतात, त्यामुळे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय काही जोडू नये. डब्यावर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा जास्त भार टाकू नये. ज्याला हे जमत नाही त्याने वायरमनची मदत घ्यावी.

हे मात्र करू नका

एसएमपीएसचा डबा उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका करंट राहू शकतो. जुना डबा टीव्हीसारखा मॉनिटरही उघडू नये. त्याच्या काचेत शिसं असतं आणि आत हाय व्होल्टेज.

तांब्यासाठी वायरी जाळू नयेत. त्यांच्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि तो आधी आपल्याच घरातली लेकरं-म्हातारी श्वासात घेतात.

मशीन द्यायचंच ठरलं तर आधी हार्ड डिस्क काढून घ्यावी. नुसतं ‘डिलीट’ केल्याने आधार कार्ड, पासबुकाचे फोटो खरोखर पुसले जात नाहीत, जाणकार माणूस ते परत काढू शकतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी कंपन्यांवर आहे. म्हणून उरलेलं सामान उकिरड्यावर न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावं. तालुक्याला केंद्र नसेल, तर ते एका खोक्यात कोरडं ठेवून शहरात जाणाऱ्याबरोबर पाठवता येईल.