संख्यांची संगत : डोंबिवलीचा डोंगर

या आठवड्यात ६१७४ची पाळी होती. ती पुढे ढकलली, कारण केंदूरहून आलेला एक प्रश्न. मागच्या लेखातला १२३४५६७८९८७६५४३२१ शिरूर तालुक्यातल्या या वाचकाने पडताळून पाहिला. एक्सेलमध्ये नऊ एकांचा वर्ग केला, तर शेवटी ३२१ऐवजी ३०० आले. छापणारा चुकला की यंत्र?

यंत्र. एक्सेल पंधराच अंक धरून ठेवते आणि ही संख्या सतरा अंकी. उरलेल्या दोन घरांत शून्ये भरून ते मोकळे होते.

वहीत मात्र काहीच हरवत नाही. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचे म्हणजे तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रांगांतले एक मोजायचे: कडेला एक, पुढे दोन, तीन, मधोमध नऊ आणि पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून डोंगर इतका रेखीव. दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा होतात. त्यांचा हातचा डावीकडच्या नवाचे दहा करतो आणि तिथला हातचा आठाचे नऊ. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, माथ्यावर दोन शून्ये!

हे डोंगर म्हणजे 'डेम्लो' संख्या. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना त्यांची कल्पना सुचली जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. आता सकाळी आठला त्या फलाटावर पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

कापरेकरांचीच दुसरी देणगी 'हर्षद' संख्या: अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने भागल्यावर नेमका १२३४५६७९चा वर्ग मिळतो. म्हणजे ती हर्षदही आहे. बाकीचे डोंगर? १२१ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ची ९, जातो. पहिल्या नऊ डोंगरांत, एकटा १ सोडला तर, हा मान तिसऱ्याला आणि नवव्यालाच. मधल्या पाच जणांनी आपापल्या परीने प्रयत्न करून पाहावा, जमत नाही.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे आहेत. नऊ एकांचा वर्ग सतराव्या स्थानी, 'मध्य'वर थांबतो. दहा एकांचा वर्ग एकोणीस अंकी. त्याच्या पहिल्या अंकाच्या स्थानाला त्या यादीत नावच नाही.

केंदूरच्या वाचकाने आता आपल्या संख्येचे दोन तुकडे करावेत, १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, आणि त्यांची बेरीज करून पाहावी. ही एक्सेललाही जमेल. ६१७४ पुढच्या आठवड्यात.