लोडरच्या बकेटला दातांची पट्टी : गाळ उपसण्याच्या कामातील एक सोपी सुधारणा

भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड. नदी आणि कालव्यांच्या काठी उसाचे हिरवे पट्टे, तर पाबळ-केंदूरसारख्या भागात पावसाची वाट पाहणारी कोरडवाहू शेती, असे ह्या परिसराचे दुहेरी स्वरूप आहे. कोरडवाहू गावांचा आधार म्हणजे गावतळी आणि पाझर तलाव. राज्यातील असे अनेक तलाव १९७२ च्या दुष्काळातील कामांतून निर्माण झाले. इतक्या वर्षांत त्यांत गाळ साचला, साठवणक्षमता घटली आणि गाळाच्या बारीक कणांनी तळ लिंपला गेल्यामुळे पाझरही मंदावला. हा गाळ काढून शेतात टाकावा ह्या हेतूने राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली.

तलाव कोरडा पडल्यापासून पहिल्या पावसापर्यंत जे थोडे आठवडे हाती येतात, तेवढ्यातच हे काम उरकावे लागते. लहान तलावावर मोठे उत्खनन यंत्र दर वेळी येतेच असे नाही. पुढे लोडर बसविलेला ट्रॅक्टर मात्र अनेक गावांत असतो. अडचण अशी की, त्याची बकेट मुळात सुटा माल उचलण्यासाठी घडविलेली असते. उन्हाने तापून भेगाळलेल्या गाळाच्या कठीण थरावर तिचा सरळ ओठ नुसता घसरत जातो. मग चालक वेग घेऊन धडक मारू लागतो. त्या धडकांनी लोडरचे बाहू वाकतात, पुढचा आस दुखावतो आणि तासाच्या भाड्याचा आकडा मात्र वाढत राहतो.

ह्यामागील कारण आपल्या शेतकऱ्याला नव्याने सांगावयास नको. कुळवाची फास जमिनीचा वरचा थर खरवडते; कठीण जमिनीत शिरण्यासाठी नांगराचा टोकदार फाळच लागतो. बकेटचा सरळ ओठ म्हणजे फास, आणि त्यावर बसविलेले दात म्हणजे फाळ. दीड मीटर रुंदीच्या बकेटवर ५ सेंटिमीटर रुंदीचे ८ दात बसविले, तर जमिनीला प्रथम भिडणारी एकूण रुंदी ४० सेंटिमीटर होते. म्हणजे ट्रॅक्टरचा तोच जोर पूर्वीच्या साधारण चौथ्या हिश्शावर एकवटतो. दात शिरले की थराला तडे जातात आणि मागून येणारा ओठ तो गाळ सहज उचलतो.

दात थेट ओठावर वेल्डिंगने जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळलेला बरा. ओठाचे पोलाद झीज सोसण्यासाठी कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा कठीणपणा बिघडतो आणि सांध्याच्या कडेने चीर पडू शकते. शिवाय असे दात पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून दात एका स्वतंत्र पोलादी पट्टीवर असावेत आणि ती पट्टी बकेटच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना बोल्टने जोडावी, हीच पद्धत श्रेयस्कर होय.

काम सुरू करण्यापूर्वी बकेट सपाट जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर टेकवावी. इंजिन बंद करून ब्रेक लावावा, लोडरचे लिव्हर हलवून तेलाचा दाब उतरवावा आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. केवळ तेलाच्या दाबावर उचलून धरलेल्या बकेटखाली कोणत्याही सबबीवर कोणी जाऊ नये.

बकेटची आतील रुंदी तीन ठिकाणी मोजावी, कारण वापरातील बकेटच्या बाजू क्वचितच सरळ राहिलेल्या असतात. पट्टी सर्वांत कमी मापाहून पाच-सहा मिलिमीटर आखूड असावी. माती खरवडून पट्टी आत बसविताना प्रत्येक दाताच्या बुंध्याची खाच ओठावर घट्ट टेकली आहे की नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. खाच टेकलेली असेल तर खोदण्याचा सारा रेटा ओठ झेलतो आणि बोल्टांना पट्टी जागेवर धरून ठेवण्याचेच काम उरते. तेथे फट राहिली तर तो रेटा बोल्टांवर येतो आणि ते तुटतात.

पट्टी क्लॅम्पने आवळून तिच्या टोकांच्या भोकांमधून बाजूच्या पत्र्यावर खुणा कराव्यात. भोके गॅसने जाळून पाडू नयेत. ती वेडीवाकडी होतात आणि बोल्ट सैल राहतो. प्रथम ६ मिलिमीटरचे आणि मग १६ मिलिमीटरचे भोक कमी वेगात, तेल सोडीत ड्रिलने पाडावे. एका बाजूचे एक भोक पाडून बोल्ट घालावा, पट्टी सरकली नाही ना हे पाहावे आणि मगच पुढची भोके घ्यावीत. बोल्ट डोक्यावर ८.८ हा अंक असलेले, उच्च ताकदीचे असावेत. डोके आतून आणि नट बाहेरून ठेवावा, म्हणजे माती आट्यांवर घासत नाही. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सर्व नट पुन्हा आवळावेत.

हे काम जमण्याजोगी माणसे तालुक्यातच घडत आली आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला आणि ग्रामीण मुलांना हाताने काम करता करता तंत्रज्ञान शिकविण्याचा पाया घातला. ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर तेथेच आकारास आला. शाळेत दाब आणि क्षेत्रफळ यांचा धडा शिकविताना शिक्षकांनी फळ्यावरील आकृतीऐवजी मुलांना गावातील लोडरपाशी न्यावे. अर्थात, इंजिन बंद असताना!

दातांमुळे ट्रॅक्टर उत्खनन यंत्र बनत नाही, हेही ध्यानात असावे. पट्टीचे वजन उचलक्षमतेतून वजा होते. त्यामुळे मागे पुरेसे वजन हवेच. ग्रामपंचायतीने काम सोपविताना खोदाईची हद्द आणि खोली प्रत्यक्ष खुणा करून दाखवावी. बांधाच्या पायथ्याशी दात लावू देऊ नयेत. गावतळ्यात गाळ संपून मूळ तळ लागला की थांबावे, नाहीतर पाणी धरणारा थरच फुटेल. वाळू काढण्यास तर ह्या योजनेत मनाईच आहे.

शेणखत किंवा साखर कारखान्याची मळी काँक्रीटच्या फरशीवरून भरताना, तसेच जमीन सपाट करताना दात अडतात. अशा वेळी पट्टी काढून ठेवावी. पुणे-सोलापूर किंवा पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर ट्रॅक्टर नेण्यापूर्वीही ती काढावी, कारण पुढे आलेले दात दुचाकीस्वाराला सहसा वेळेवर दिसत नाहीत. काढलेले बोल्ट पट्टीच्याच भोकांत नटासह अडकवून ठेवले, तर पुढच्या उन्हाळ्यात ते शोधत बसावे लागत नाही.