घड्याळ त्यांचं सरकलं, बैठक आपली चुकली



आज घड्याळाविषयी बोलू. घड्याळात काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटत होतं.

आमच्या गटाची दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी अमेरिकेतल्या काही मराठी मंडळींशी फोनवर बैठक असते. आमची वेळ संध्याकाळी साडेसातची, त्यांची सकाळी नऊची. साडेसात ही वेळ आम्हीच मागून घेतली होती, कारण तोवर चूल आटोपते. मार्च महिना आला. मोहफुलांचा हंगाम, बाया पहाटेपासून रानात. तरी थकलेल्या अंगाने सगळ्या साडेसातला जमल्या. फोन लावला, तर तिकडे बैठक आटोपून माणसं उठलेली! “तुम्ही आलाच नाहीत,” असं ऐकावं लागलं. गंमत म्हणजे, सहाच्या सुमारास सचिव ताईंच्या फोनने साडेसहाच्या बैठकीची आठवण दिली होती. पण भिंतीवर साडेसात लिहिलेलं, म्हणून फोनच बिघडला असं आम्ही समजलो.

चूक ना आमची होती, ना फोनची. अमेरिकेतल्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. इंग्लंडमध्ये हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. त्यांच्याकडे उन्हाळ्याचा दिवस फार मोठा. लंडनला जूनमध्ये सोळा तासांहून जास्त उजेड, तर डिसेंबरमध्ये आठ तासही नाही. उन्हाळ्यात पहाटेचा उजेड झोपेत वाया जाऊ नये, संध्याकाळी कामी यावा, म्हणून ही युक्ती. आपल्या कुरखेड्यात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर आणि लहान दिवस अकराच्या आसपास. आपल्याला याची गरज पडत नाही.

पण आपल्याकडेही हे एकदा झालं आहे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. म्हणून त्या काळात जन्मलेल्यांची कुंडली मांडताना जाणकार ज्योतिषी घड्याळाच्या वेळेतून एक तास वजा करतात.

आता फोनमधल्या कॅलेंडरचं बघू. बैठक नोंदवताना ती कोणत्या गावाच्या वेळेने आहे, हेही त्यात साठवलं जातं. आमची बैठक अमेरिकेतून, न्यूयॉर्कच्या वेळेने नोंदवलेली होती. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ तास. त्यांचे नऊ नऊच राहिले; आमचे साडेसात मात्र साडेसहा झाले. फोनला ते ठाऊक होतं, भिंतीला नव्हतं. नोव्हेंबरमध्ये याच्या उलट. बैठक पुन्हा साडेसातला जाते आणि ऐन धानकापणीत आपण साडेसहापासून ताटकळत बसतो.

कधी कधी फोनही खरोखर चुकतो. घड्याळ बदलण्याच्या तारखा सरकार ठरवतं, आणि त्या बदलू शकतात. अमेरिकेने २००७ पासून या तारखा बदलल्या. आधी घड्याळ एप्रिलमध्ये पुढे जायचं, ते मार्चमध्येच जाऊ लागलं. ज्या यंत्रांत जुनाच नियम होता, त्यांनी मधले तीन आठवडे एक तास चुकीची वेळ दाखवली. काही ठिकाणी तर “साडेदहा तासांचा फरक” एवढाच आकडा भरून ठेवतात, गावाचं नाव नाही. तो हिशेब वर्षातून काही महिनेच बरोबर येतो.

मग काय करायचं?

परदेशातल्या कुणाशीही बैठक ठरवताना आधी विचारा, ही वेळ कुणाच्या घड्याळाने? कागदावर “साडेसात, भारतीय वेळ” असं पूर्ण लिहा. कॅलेंडरमध्ये नोंद करताना वेळेचा विभाग म्हणजे टाइम झोन भारताचा ठेवायला सांगा. म्हणजे सरकेल ती त्यांची वेळ, आपली नाही. फोनमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय चालू ठेवा आणि फोन अद्ययावत करून घ्या. मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये बैठकीच्या आदल्या दिवशी एक निरोप पाठवून वेळ पक्की करा. फोन आणि भिंत यांत फरक दिसला, तर फोन बिघडला म्हणून सोडून देऊ नका. विचारा.

आम्ही हे सगळं त्या मंडळींना सांगितलं. आता आमची बैठक बारा महिने भारतीय वेळेने साडेसातलाच असते. उन्हाळ्यात त्यांना नऊऐवजी दहाला बसावं लागतं, आणि ते त्यांनी आनंदाने मान्य केलं.

मैत्रिणींनो, बाया वेळ पाळत नाहीत, असं कुणी म्हटलं की आपण खाली मान घालतो. त्याआधी एकदा विचारून बघा, घड्याळ कुणाचं सरकलं?

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.