‘आई, त्या काकूंच्या हातावर दूध सांडलंय?’

२५ जून हा जागतिक कोड दिन. मायकल जॅक्सनच्या स्मृतिदिनाचं निमित्त साधून तो २०११ पासून पाळला जातो आणि त्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ तीच वाक्यं पुन्हा एकदा सांगतात. कोड शिवल्यानं होत नाही. ते म्हणजे कुष्ठरोग नव्हे. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानं ते उठत नाही, आणि मागच्या जन्मीच्या पापाशी त्याचा काही संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते, म्हणून ते पांढरे डाग दिसतात. हे सांगत राहायलाच हवं. पण हे सगळं मोठ्यांसाठी झालं. भर बसमध्ये, खणखणीत आवाजात कोडाबद्दल विचारणारा माणूस बहुतेक वेळा साडेतीन वर्षांचा असतो. त्याच्यासाठी आपण काही लिहीत नाही आणि त्याच्या आईसाठीही नाही.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. समोरच्या सीटवर बसलेल्या बाईंच्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे डाग आहेत. पोर टक लावून बघतं आणि विचारतं, ‘आई, त्या काकूंच्या हातावर दूध सांडलंय?’ कधी प्रश्न वेगळा असतो. ‘हे काका एवढे छोटे का?’ ‘त्या आजोबांचा पाय कुठे गेला?’ ‘ह्या मावशी इतक्या काळ्या का?’ आजूबाजूचे सगळे एकदम गप्प होतात. आई डोळे वटारते, ‘गप्प बस, असं बोलू नये’ म्हणते; एखादी दंडाला चिमटाही काढते. शेजारच्या आजी सावरायला धावतात, ‘लहान आहे हो, मनावर घेऊ नका.’

या धांदलीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. पोरानं त्या काकूंना काहीच म्हटलेलं नाही. त्यानं आईला विचारलंय. या सगळ्या विषयात मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. या वयाचं मूल दिवसभर जगाची जुळवाजुळव करत असतं. हात कसे असतात हे त्याला आत्ता कुठे नीट कळलंय आणि समोरचा हात त्या समजुतीत बसत नाही. मग ज्या माणसाला सगळं ठाऊक असतं अशी त्याची खात्री आहे, त्या माणसाला ते विचारतं. गल्लीतलं कुत्रं तीन पायांवर का चालतं, हेही त्यानं काल याच आवाजात विचारलेलं असतं.

‘मुलांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ती तोंडावर बोलतात’ ही आपली लाडकी समजूत आहे. ती टिकत नाही. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक पालकानं ऐकावा असा आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांना एका मोठ्या माणसाचा फोटो काढायचा होता. त्या माणसाच्या नाकावर लिपस्टिकचा ठसठशीत डाग होता. फोटो काढण्याआधी तो मुलाला विचारायचा, ‘मी फोटोसाठी ठीक दिसतोय ना?’ बहुतेक मुलांनी ‘हो’ म्हटलं. तीन वर्षांच्यांनीसुद्धा. नंतर, तो माणूस समोर नसताना, दुसऱ्या कुणी विचारल्यावर याच मुलांनी सांगितलं की नाही, तो ठीक दिसत नव्हता. डाग त्यांना दिसला होता, खटकलाही होता. तरीही समोरच्यानं स्वतःहून विचारल्यावर त्यांनी त्याचं मन राखलं.

म्हणजे बसमधल्या पोराकडे माया नाही असं नाही, आणि ते सत्यवचनी आहे म्हणून बोललं असंही नाही. काकूंनी त्याला काही विचारलेलंच नव्हतं. आपण आईशी बोलतोय ते काकूंच्या कानावर जातंय, त्यांना ते लागेल, लागलं तरी त्या दाखवणार नाहीत, एवढी लांबलचक साखळी त्याला अजून जोडता येत नाही. हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये चॉकलेटच्या गोष्टीचा प्रयोग केला. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता माक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा चुकतात. जे मला ठाऊक आहे ते माक्सीलाही ठाऊक असणार, असं त्यांना वाटतं. साधारण चार-पाच वर्षांनंतर उत्तर बरोबर यायला लागतं. आणि नकळत कुणाचं मन दुखावणारं बोलणं एखाद्या गोष्टीतून नेमकं ओळखता येणं तर त्याहून पुढचं आहे. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात ते सात ते अकरा या वयात उमलताना दिसलं. तीन वर्षांच्या मुलाला ‘लाज नाही वाटत?’ असं विचारणं म्हणजे त्याला न शिकवलेला धडा विचारणं आहे.

चिमट्यानंतर मूल शिकतं ते वेगळंच. आई घाबरली, म्हणजे त्या हातात घाबरण्यासारखं काहीतरी आहे, हे ते शिकतं. प्रश्न मनातून जात नाही, फक्त आईला विचारायचा बंद होतो. मग त्याचं उत्तर दुसरीकडून मिळतं. कॅनडाची मॉडेल विनी हार्लो हिला चार वर्षांची असताना कोड असल्याचं कळलं. पुढे शाळेतल्या मुलांनी तिला ‘झेब्रा’ म्हटलं, ‘गाय’ म्हटलं. साडेतीन वर्षांच्या मुलाचा प्रश्न आणि शाळेतलं हे चिडवणं यांच्यामध्ये थोडीच वर्षं असतात, आणि त्या वर्षांत शब्द पुरवतो आपण. घरात पाहुणी आली की पहिलं वाक्य ‘किती वाळलीस गं!’ सुट्टीहून परतलेल्या भाच्याला ‘उन्हात पार काळवंडलास.’ जाड्या, टकलू, ढापण्या, बुटका, काळू ही नावं मुलं कुणाच्या तोंडून उचलतात? स्थळाबद्दल बोलताना ‘रंगानं जरा सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य तर मुलाच्या देखतच उच्चारलं जातं, आणि त्यातला ‘पण’ त्याला बरोबर ऐकू येतो. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. घरातली भाषा आहे तिथेच आहे.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’नं कोड असलेल्यांना एकत्र आणण्याचं, त्यांचे वधू-वर मेळावे भरवण्याचं मोठं काम केलं. २००६ मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ हा चित्रपट कोड असलेल्या तरुणीवर केला. दोन्हींबद्दल मनात आदर आहे. पण वेगळे वधू-वर मेळावे भरवावे लागतात, म्हणजे तोवर बघणाऱ्यांच्या नजरा किती घट्ट झालेल्या असतात! नजर मऊ असते ती तिसाव्या नव्हे, साडेतिसऱ्या वर्षी.

मग आईनं काय करावं? भाजलेल्या चेहऱ्यानं जगलेल्या जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली. तिथे एक साधी रीत शिकवतात: सांगा, धीर द्या, विषय पुढे न्या. आपल्या बसमध्ये ती अशी दिसेल: ‘दूध नाही रे. काही जणांच्या कातडीचा रंग असा जागोजागी जातो. त्याला कोड म्हणतात. दुखत नाही. चल, आपला स्टॉप आला.’ हे कुजबुजून सांगू नये, नेहमीच्या आवाजात सांगावं, म्हणजे काकूंनाही कळतं की इथे भिण्यासारखं काही बोललं जात नाहीये. आणि एक उत्तर कधीच देऊ नये: ‘त्यांनी लहानपणी ऐकलं नाही म्हणून असं झालं.’ हे उत्तर मी अनेक घरांत ऐकलंय. पोरानं भाजी खावी म्हणून एका अनोळखी माणसाच्या अंगाचा बागुलबुवा करायचा, हा त्या माणसावर उघड अन्याय आहे.

त्या काकूंवर मात्र कसलीही जबाबदारी नाही. एखादी हसून मुलाशी बोलेल, एखादी खिडकीबाहेर बघेल, दोन्ही योग्यच. मुलाला ढकलत नेऊन ‘सॉरी’ म्हणायला लावलं की त्यांना दुसऱ्यांदा सगळ्यांच्या नजरेपुढे उभं केलं जातं. नजरानजर झाली तर मान किंचित लववावी, तेवढं पुरे.

बसमधला हा प्रसंग बालवाड्या आणि अंगणवाड्यांमध्येही घडतो; तिथे दरवर्षी नवी मुलं येतात. कोड असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते वयाच्या विशीआधीच सुरू होतं, काहींना अगदी लहानपणी. एखाद्या वर्गात विचारणारं मूल आणि डाग असलेली मुलगी एकाच सतरंजीवर बसलेली असतील, आणि मध्ये डोळे वटारायला कुणाचीच आई नसेल. तिथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्या मुलीच्या घरच्यांना विचारून घ्यावं, की ती या डागांना काय म्हणते आणि वर्गाला काय सांगितलेलं तिला चालेल. तिची स्वतःची दोन वाक्यं घरच्यांनी तिच्याकडून म्हणवून घ्यावीत: ‘हा माझा डाग आहे, दुखत नाही. तू घसरगुंडीवर येतोस का?’