नासलेले विरजण : फर्मवेअर बिघडलेला मदरबोर्ड पुन्हा कसा सुरू होतो?

कोलकात्याच्या उत्तर भागात हुगळीच्या काठी बागबाजार ही जुनी वस्ती आहे. १७४२ साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांचे भय वाटून कोलकात्याच्या रहिवाशांनी नगराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक खणावयास घेतला, त्याचा आरंभ याच भागातून झाला. सुमारे तीन मैल खोदकाम झाले आणि मराठे काही येत नाहीत असे पाहून काम थांबले. पुढे तो खंदक बुजविला गेला. बागबाजारातील ‘मराठा डिच लेन’ या गल्लीच्या नावात मात्र त्याची खूण राहिली आहे. खंदक अर्धा खणला तरी निदान एका बाजूचे रक्षण होते. परंतु काही कामे अशी असतात की, ती अर्धी झाल्यास अर्धा लाभ होत नाही, संपूर्ण हानीच होते. संगणकाच्या मदरबोर्डावरील फर्मवेअर बदलण्याचे काम या दुसऱ्या जातीचे आहे.

अशी कल्पना करावी की, बागबाजारातीलच एखाद्या लहान वाचनालयात वैशाखातील एका सायंकाळी संगणकावर नवे फर्मवेअर चढविले जात आहे. पडद्यावर ‘यंत्र बंद करू नये’ अशी सूचना झळकत आहे. इतक्यात बंगालमध्ये ज्याला कालबैशाखी म्हणतात ते वादळ सुटते आणि वीज जाते. काही वेळाने वीज परत येते. कळ दाबली की पंखा फिरतो, दिवा लागतो. पण पडदा काळा तो काळाच राहतो. ग्रंथांची सूची, सभासदांची नोंद, देवघेवीचा हिशेब हे सर्व त्या यंत्रात आहे. आता ते सारे गेले आणि मदरबोर्डही कायमचा निकामी झाला, असे उपस्थितांना वाटणे साहजिक आहे. दुरुस्तीच्या व्यवसायातही अशा मदरबोर्डास ‘ब्रिक’ झाला, म्हणजे त्याची वीट झाली, असे म्हणतात.

या दोन्ही समजुती बहुधा चुकीच्या असतात. नोंदी सुरक्षित असतात, आणि मदरबोर्डाचा एकही भाग जळालेला नसतो. बिघडलेला असतो तो एका लहानशा चिपमधील मजकूर. हा मजकूर पुन्हा नीट लिहिला, की तोच मदरबोर्ड पूर्ववत चालू लागतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी प्रथम संगणक जागा कसा होतो हे पाहिले पाहिजे.

पहिली सूचना कोठून येते?

संगणकाचा प्रोसेसर अत्यंत वेगवान असला, तरी त्याला स्वतःची बुद्धी नसते. ‘हे कर, मग ते कर’ अशा सूचना मेमरीतून वाचावयाच्या आणि त्यांप्रमाणे वागावयाचे, एवढेच तो जाणतो. हार्ड डिस्कवरून कार्यप्रणाली कशी उचलावी हेही त्याला सूचनांवाचून कळत नाही. मग डिस्क वाचण्याची सूचना तरी त्याने कोठून वाचावी? विहिरीत पडलेल्या माणसाने आपलीच शेंडी धरून स्वतःला वर ओढावे, तसा हा पेच आहे. इंग्रजीत याच अर्थी ‘बुटांचे बंद धरून स्वतःला उचलणे’ असा वाक्प्रचार आहे आणि संगणक ‘बूट होणे’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला आहे.

घरोघरी रोज सोडविला जाणारा असाच एक पेच आहे. दूध कितीही चांगले असले तरी दही लावावयाचे तर आधीचे थोडे दही विरजण म्हणून हवे. बागबाजारातील मिठाईवाल्याचे मातीच्या मडक्यात लावलेले गोड दहीही याला अपवाद नाही. संगणकातील हे विरजण म्हणजे फर्मवेअर होय. मदरबोर्डावरील एका चिपमध्ये ते कायम साठविलेले असते आणि वीज गेली तरी पुसले जात नाही. जुन्या काळापासून त्यास बायोस म्हणत. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या अधिक विस्तृत पद्धतीने घेतली आहे.

वीज मिळताच आपल्या नेहमीच्या संगणकांतील प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्याकडे पाहतो. पहिल्या ४,२९,४९,६७,२९६ पत्त्यांची एक लांबलचक चाळ कल्पिली, तर शेवटून सोळाव्या खोलीचे दार तो प्रथम ठोठावतो. त्या खोलीचा संबंध फर्मवेअरच्या चिपशी जोडलेला असतो. तेथील सूचना प्रोसेसरला पुढे नेतात; त्यांच्या आधारे तो मुख्य मेमरी सिद्ध करतो, कळफलक व पडदा ओळखतो आणि अखेर डिस्कवरील कार्यप्रणाली उचलतो. त्या खोलीत अर्थशून्य मजकूर असला, तर प्रोसेसर पहिल्याच पावलाला अडतो. पंख्याला मात्र फिरण्यासाठी फक्त वीज पुरते, सूचनांची गरज नसते. म्हणूनच पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो.

अर्धवट लेखन इतके घातक का?

आरंभीच्या सूचना यंत्रात कोठे ठेवाव्यात, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. बागबाजारच्या उत्तरेस काही किलोमीटरवर बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ साली एचईसी-२एम हा देशातील पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक काम करू लागला. त्या पिढीतील अनेक यंत्रांत आरंभीच्या सूचना माणसालाच कळांनी अथवा छिद्रे पाडलेल्या कार्डांनी आत घालाव्या लागत. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याचे ८ किलोबाइटांचे बायोस कारखान्यातच कायमचे कोरलेल्या चिपमध्ये होते. ते बदलावयाचे तर चिपच बदलावी लागे. गैरसोय होती खरी, पण ते पुसले जाण्याचे भयही नव्हते.

१९८४ साली जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरीची माहिती प्रसिद्ध केली. ही मेमरी विजेच्या साह्याने पुसून पुन्हा लिहिता येते. पुढील दशकात मदरबोर्डाचे फर्मवेअर अशा चिपमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आता घरबसल्या फर्मवेअर बदलता येऊ लागले. परंतु सोयीबरोबर धोकाही आला, आणि तो या चिपच्या स्वभावातच आहे.

या चिपमध्ये लिहिणे म्हणजे १ चे ० करणे. उलट, ० चे १ करावयाचे तर एकेक अंक बदलता येत नाही; एक संपूर्ण गट, सामान्यतः ४,०९६ बाइटांचा, एकदम पुसावा लागतो. पाटीवर जुन्या अक्षरांवरच नवी अक्षरे गिरवता येत नाहीत, आधी पाटी पुसावीच लागते, तसेच हे आहे. म्हणून नवे फर्मवेअर चढविताना प्रत्येक गटाच्या बाबतीत असा एक क्षण येतो की, जुना मजकूर गेलेला असतो आणि नवा अजून आलेला नसतो. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर चिपमध्ये थोडे जुने, थोडे नवे आणि थोडे कोरे असे मिश्रण उरते. विरजण नासते.

या प्रकाराची कटू प्रचिती जगास २६ एप्रिल १९९९ रोजी आली. तैवानमधील एका विद्यार्थ्याने आदल्या वर्षी लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागृत झाला. तो डिस्कवरील आरंभीचा मजकूर पुसून टाकी आणि काही विशिष्ट जातींच्या मदरबोर्डांवरील फ्लॅश चिपमध्येही निरर्थक अंक लिही. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तान यांना त्याचा मोठा तडाखा बसला. भारतातही यंत्रे बंद पडली. ज्यांच्या चिपमधील मजकूर बिघडला होता, त्या यंत्रांचे प्रोसेसर, मेमरी व विद्युतमंडले धडधाकट होती. चिप बदलताच अथवा तिच्यात पुन्हा लिहिताच ती चालू झाली. बिघाड वस्तूचा नसून मजकुराचा आहे, हे त्यावरून अनेकांच्या ध्यानी आले.

विरजण पुन्हा मिळविण्याचे मार्ग

उपायाला लागण्यापूर्वी निदान पक्के करावे. मेमरीची पट्टी सैल असली अथवा वीजपुरवठ्याचा भाग बिघडला, तरीही पडदा काळा राहतो. परंतु यंत्र फर्मवेअर बदलेपर्यंत ठीक चालत होते आणि बदलताना व्यत्यय आला, एवढे निश्चित असेल तर संशय प्रथम फर्मवेअरवरच घ्यावा. मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी काढून पुन्हा बसविण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तिने केवळ घड्याळ आणि मांडणीच्या निवडी पूर्वस्थितीस येतात. फ्लॅश चिपमधील बिघडलेला मजकूर तिने सुधारत नाही.

पहिला मार्ग यंत्रातच राखून ठेवलेला असतो. पुष्कळ मदरबोर्डांत फर्मवेअरचा एक लहान भाग नेहमीच्या बदलात पुसला जात नाही. उरलेला मजकूर सदोष आहे असे आढळल्यास हा भाग पूर्वी फ्लॉपीवर, आणि आता यूएसबी पेनड्राइव्हवर, ठरावीक नावाची फाइल शोधतो व तिच्यातून मजकूर पुन्हा लिहितो. काही उत्पादक एकाऐवजी दोन चिप बसवितात. एक बिघडली तर दुसरी तिची जागा घेते. हे म्हणजे दही संपण्यापूर्वी विरजणापुरते वेगळ्या वाटीत काढून ठेवण्यासारखे आहे.

दुसरा मार्ग अलीकडच्या अनेक मदरबोर्डांत आढळतो. त्यांवर फर्मवेअर पुन्हा भरण्यासाठी एक खास बटण असते. ते दाबले असता मुख्य प्रोसेसरच्या मदतीवाचून एक लहान नियंत्रक चिप पेनड्राइव्हवरील फाइल वाचते आणि फ्लॅशमध्ये लिहिते. येथे तीन गोष्टी तंतोतंत पाळाव्या लागतात : पेनड्राइव्ह सामान्यतः फॅट-३२ पद्धतीने सिद्ध केलेला असावा, फाइल अचूक त्याच मदरबोर्डासाठी असावी, आणि तिचे नाव उत्पादकाने सांगितलेलेच असावे. एका अक्षराचा फरक पडला तरी नियंत्रकास फाइल सापडत नाही.

या दोन्ही सोयी नसल्या तर तिसरा मार्ग उरतो, तो म्हणजे शेजाऱ्याकडून विरजण आणण्याचा. मदरबोर्डावरील आठ पायांची ती लहान चिप शोधून तिला चिमट्यासारखी क्लिप लावतात आणि प्रोग्रॅमर नावाच्या छोट्या उपकरणाने ती दुसऱ्या, चालू असलेल्या संगणकास जोडतात. क्लिप नीट बसली नाही तर चिप डाग काढून सुटी करावी लागते. कोलकात्यातील चांदनी चौकासारख्या बाजारांत, जेथे संगणकाचे सुटे भाग विकले व दुरुस्त केले जातात, असे काम करणारे कारागीर मिळतात.

या कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. मदरबोर्डाचा वीजपुरवठा प्रथम पूर्ण तोडावा. चिपवरील क्रमांक वाचून तिला लागणारा दाब पाहावा. पुष्कळ चिपना ३.३ व्होल्ट लागतात, तर काहींना केवळ १.८ व्होल्ट, आणि अधिक दाब दिल्यास चिप खरोखरच जळते. त्यानंतर, काहीही पुसण्यापूर्वी, चिपमधील बिघडलेला मजकूर जसाच्या तसा वाचून त्याची प्रत जपून ठेवावी. तो दोनदा वाचावा आणि दोन्ही प्रती जुळतात की नाही हे ताडून पाहावे. जुळत नसल्यास क्लिपचा स्पर्श सैल आहे असे समजावे.

नासलेल्या मजकुराची प्रत कशासाठी ठेवावयाची, असा प्रश्न येथे पडेल. उत्पादकाच्या फाइलमध्ये त्या जातीच्या सर्व मदरबोर्डांना समान असलेल्या सूचना असतात. परंतु त्या एकाच मदरबोर्डाची खास माहिती, उदाहरणार्थ अनुक्रमांक, जाळ्यातील यंत्राचा पत्ता, कित्येकदा कार्यप्रणालीच्या परवान्याची किल्ली, त्याच चिपमध्ये असू शकते. ती पुसली गेली तर अन्यत्र मिळेलच असे नाही. जुनी प्रत हाताशी असली तर कुशल कारागीर तेवढा भाग उचलून नव्या मजकुरात घालू शकतो. मग चिप पुसावी, नवा मजकूर लिहावा, आणि लिहिलेले परत वाचून मूळ फाइलशी ताडावे. ही शेवटची पायरी टाळू नये.

नोंदी आणि मदरबोर्ड

वाचनालयाच्या नोंदी फर्मवेअरच्या चिपमध्ये नसतात. त्या डिस्कवर असतात. म्हणून फर्मवेअर बिघडले तरी त्या सामान्यतः अबाधित राहतात, आणि तातडी असल्यास डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर वाचता येतात. एक अपवाद ध्यानात ठेवावा. डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात बंद करून तिची किल्ली मदरबोर्डाच्या सुरक्षा-व्यवस्थेकडे सोपविलेली असेल, तर फर्मवेअर बदलल्यावर यंत्र पुनःप्राप्तीची किल्ली मागते. ती लांबलचक संख्या कागदावर लिहून कपाटात ठेवलेली नसेल, तर धडधाकट डिस्कही उघडत नाही.

यावरून पूर्वदक्षता काय घ्यावी हे सहज कळेल. यंत्र ठीक चालले असेल तर केवळ नवे आहे म्हणून फर्मवेअर बदलू नये. एखादा दोष किंवा सुरक्षेतील उणीव दूर होणार असेल तर अवश्य बदलावे. वीज गेली तरी काही वेळ पुरवठा देणारे यूपीएस जोडून घ्यावे. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. मदरबोर्डाचे नाव व आवृत्तीचा क्रमांक त्याच्यावरच छापलेला असतो; फाइल उतरवून घेताना तो पडताळावा. नोंदींची प्रत आणि पुनःप्राप्तीची किल्ली आधीच वेगळी ठेवावी. आभाळ भरून आले असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.

बंद पडलेला मदरबोर्ड टाकून देणे सोपे वाटते. परंतु त्यात तांबे, कथील, थोडे सोने आणि जुन्या बोर्डांत शिसेही असते. तो कचऱ्यात जाळला अथवा फोडला गेला तर माती, पाणी व माणसे यांना बाधा होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या भारतातील ई-कचरा नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तथापि टाकण्याची वेळच न येणे हे त्याहून चांगले. ज्याच्या चिपमधील मजकूर बिघडला आहे आणि बाकी सर्व शाबूत आहे, असा मदरबोर्ड भंगारात देण्यापूर्वी तो एकदा प्रोग्रॅमर वापरणाऱ्या कारागिरास दाखवावा. लिहिण्यास काही मिनिटे लागतात, आणि वाचनालयाची सूची पुन्हा पडद्यावर येते.