घरबसल्या चाकरी आणि धन्याचें कर्तव्य

सन २०२० च्या मार्चांत टाळेबंदी झाली व कचेरी आपल्या माजघरांत आली. टाळेबंदी उठली, कित्येक घरांतून कचेरी मात्र अद्याप हाललेली नाहीं. चिरंजीव एका खोलींत, सूनबाई दुसरींत, आणि आजोबांनीं खोकावयाचें तें अंगणांत! धन्याचें जागेचें भाडें व विजेचा खर्च वांचला. तो कोणाच्या माथीं बसला, हें त्यानें पाहावयास नको काय?

पोर्तुगालनें १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आणलेला कायदा या दृष्टीनें मननीय आहे. उपकरणें मालकानें पुरवावयाचीं, वीज व इंटरनेटचा वाढीव खर्च द्यावयाचा. करारांत निराळें ठरलें नसल्यास निदान दोन महिन्यांतून एकदां प्रत्यक्ष भेट घडवावयाची, कारण एकाकीपण हीहि एक व्याधीच आहे. नोकराच्या घरीं तपासणीस जावयाचें तर चोवीस तास आधीं कळवून, तेंहि त्याच्या संमतीनें. परंतु सर्वांत मोलाचें कलम हें कीं, अनिवार्य कारणावांचून विश्रांतीच्या वेळीं मालकानें संपर्कच करावयाचा नाहीं. भरल्या ताटावरून फोनसाठीं उठणारी सून ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस याचें महत्त्व सांगणें नलगे.

आपल्याकडील धन्यांनीं कायद्याची वाट कशाला पाहावी? कामाचे तास लेखी ठरवून द्यावे. म्हणजे ‘घरींच तर आहे’ म्हणून तिला मध्येंच हांक मारणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांसहि तो कागद दाखवितां येईल.